आजीला विचारा, पाटी वाचा
(साक्षरता वर्गाची सहल निघण्याआधी केलेले भाषण)



येत्या रविवारी आपण पुण्याला जाणार आहोत. तिथे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहायचे आहे. बायाबापड्यांनी, म्हाताऱ्यांनी, पोरांनी, सगळ्यांनी यायचे आहे. त्याआधी मला चार गोष्टी सांगायच्या आहेत. बसा निवांत आणि ऐका.

संग्रहालय म्हणजे जुन्या वस्तू जपून ठेवलेले घर. हे घर बाजीराव रस्त्यावर आहे. ते एका माणसाने उभे केले. त्यांचे नाव दिनकर केळकर. त्यांचा जन्म १८९६ सालचा. त्यांचे चष्म्यांचे दुकान होते. ते कविताही लिहीत. पण जुन्या वस्तूंचा त्यांना नाद लागला. गावोगाव हिंडून त्यांनी एकेक वस्तू गोळा केली. त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी त्यांना साथ दिली.

त्यांना राजा नावाचा मुलगा होता. तो लहानपणीच गेला. त्याच्या आठवणीसाठी या संग्रहालयाला त्याचे नाव दिले. १९७५ साली केळकरांनी आपला सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. वीस हजारांहून जास्त वस्तू! १९९० साली ते वारले. वस्तू मात्र आजही आहेत.

आता तुम्ही म्हणाल, तिथे राजेमहाराजांचे हिरेमोती असतील. तसे नाही. तिथे दिवे आहेत, कुलपे आहेत, अडकित्ते आहेत. पाय घासायच्या वज्री आहेत. फण्या, दौती, स्वयंपाकाची भांडी आहेत. नक्षीचे दरवाजे आहेत. म्हणजे घरात रोज लागणाऱ्या वस्तू. त्या कोणी घडवल्या? तांबटाने, लोहाराने, सुताराने. तुमच्याआमच्यासारख्या कष्टकऱ्यांनीच.

मी पहिल्यांदा आपल्या वर्गाला तिथे नेले, तेव्हा माझी एक चूक झाली. मी पुढे चालत होतो आणि बोलत होतो. सगळे माझ्या मागून येत होते. पोरे हसली, तर मी म्हणायचो, “गप चला.” एका मुलाच्या नावाचे ते घर. पण तिथे मी मुलांनाच गप्प बसवत होतो! तासाभरात आम्ही बाहेर आलो. मी विचारले, “काय पाहिलं?” एक आजी म्हणाली, “लई व्हतं बाबा. समदं डोळ्यांपुढून गेलं.” बस्स, एवढेच.

आणखी एक गोष्ट तेव्हा घडली. एका पोरीने बापाला विचारले, “बा, हितं काय लिव्हलंय?” बाप म्हणाला, “चल, चल पुढं.” त्याला वाचता येत नव्हते. पोरीपुढे तसे बोलायची त्याला लाज वाटली. मग तो दारापाशी जाऊन बसला. आत आलाच नाही. ते माझ्या मनाला फार लागले.

घरी आल्यावर मी विचार केला. जत्रेत पाळणा असला की पोरे थकत नाहीत. पत्ते मांडले की म्हाताऱ्यांना झोप येत नाही. मग संग्रहालयात खेळ का नको?

दुसऱ्या वेळी मी चिठ्ठ्या केल्या. एका घराला एक चिठ्ठी. तिच्यावर चार कोडी मोठ्या अक्षरांत लिहिली. ती अशी:

दात नाहीत, तरी सुपारी फोडतो.
छताला टांगतात, तेल पितो, अंधार खातो.
तोंड काळे, पण लिहिणाऱ्यांच्या मांडीशी बसते.
दाराला धरून बसतो, धन्याशिवाय कोणाचे ऐकत नाही.

मी सांगितले, “या चार वस्तू शोधा. एकट्याने नाही, घरच्यांनी मिळून.”

मंडळी, त्या दिवशी काय गंमत झाली म्हणता! तोच बाप या वेळी आत आला. आता तो आपल्या वर्गात वाचायला शिकला होता. पोरीने पहिले कोडे ऐकले आणि शोधत पुढे गेली. अडकित्त्यांपाशी थबकली. काही अडकित्ते पाखरांच्या घाटाचे, काही माणसांच्या. तिला कळेना, हे काय? बाप वाकला. पाटीवर बोट न टेकवता एकेक अक्षर लावू लागला. “अ... ड... कि... त्ता. अडकित्ता!” पोरगी ओरडली, “बा, तुला वाचता येतंय!” त्या माणसाचे डोळे भरून आले. माझेही भरून आले.

पण खेळ तिथे संपला नाही. पोरीची आजी मागे उभी होती. ती म्हणाली, “नाव वाचलंस, पर वापर ठावं हाय का? सुपारी टोकाशी धरली तर फुटत न्हाई. खिळ्यापाशी धरावी लागती.” ही गोष्ट पाटीवर नव्हती. ती आजीजवळ होती.

मग मी त्याचे कारण सांगितले. अडकित्त्याचे दोन पाय एका खिळ्याला जोडलेले असतात. सुपारी खिळ्याजवळ असते आणि आपला हात खिळ्यापासून लांब. म्हणून थोड्या जोराचे मोठे काम होते. पहारीने दगड उलथताना आपण हेच करतो. पहारीखाली दगडाजवळ टेकण ठेवतो आणि दांडा लांबून दाबतो. तो बाप म्हणाला, “म्हंजी अडकित्ता अन् पहार भाऊभाऊच!” बघा, विज्ञानाचा धडा झाला, आणि कोणाला कंटाळा आला नाही.

असे का झाले? कारण खेळात प्रत्येकाला काम होते. पोरांचे डोळे तीक्ष्ण, त्यांनी वस्तू शोधली. शिकलेल्याने पाटी वाचली. म्हाताऱ्यांनी वापर सांगितला. एकाचे दुसऱ्यावाचून अडत होते. घरात एरवी कोणी आजीला विचारत नाही. त्या दिवशी सगळे तिच्याभोवती जमले.

आता मोठमोठी संग्रहालयेही घरच्या सगळ्यांचा आणि मुलांचा विचार करतात. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. त्यांनी २०१५ साली बस सुरू केली. संग्रहालयच गावाकडे, शाळेकडे जाऊ लागले. २०१९ साली तिथे मुलांचे वेगळे संग्रहालय झाले. म्हणजे आपण काही जगावेगळे करत नाही.

रविवारी खेळ कसा खेळायचा, ते नीट ऐका.

पहिली गोष्ट. सगळे पाहायचा हट्ट धरू नका. चारच वस्तू शोधा, पण प्रत्येकीपुढे थांबा.

दुसरी गोष्ट. वस्तू सापडली की लगेच पाटी वाचू नका. आधी प्रत्येकाने सांगायचे, ही कशाची असेल? कशाला लागत असेल? चुकले तरी कोणी हसायचे नाही. मग पाटी वाचायची.

तिसरी गोष्ट. नव्याने वाचायला शिकलेल्यालाच पाटी वाचू द्या. तो अडखळला तर थांबा. त्याच्या तोंडचा शब्द पळवू नका.

चौथी गोष्ट. वस्तूला हात लावू नका. घामाने धातू डागाळतो. पळापळ नको, आरडाओरडा नको. मोबाईलवर फोटो काढायचा, तर तिथल्या माणसाला आधी विचारा. आणि घराघरांत शर्यत लावू नका. आधी कोण आले, हे मी विचारणार नाही. नवीन काय कळले, ते विचारीन.

एक शेवटचे सांगतो. सहलीहून आल्यावर आपल्या माळ्यावर, कोनाड्यात बघा. जुनी पायली असेल, अधोली असेल. पोरांना विचारा, एका पायलीत अधोल्या किती? दोन. आणि शेर किती? चार. आज आपण किलोने मोजतो, म्हणून पोरांना हे ठाऊक नाही. अशी वस्तू भंगारवाल्याला देण्याआधी एकदा आजीपुढे ठेवा. तिची गोष्ट ऐका. ती वहीत लिहून ठेवा. आता तुम्हाला लिहिता येते.

भंगारात गेलेली वस्तू परत येत नाही. आजीबरोबर गेलेली गोष्टही परत येत नाही.

तर मग रविवारी सकाळी सहाला पारापाशी या. भाकरी बांधून आणा. चिठ्ठ्या मी आणतो. म्हाताऱ्यांना मात्र घरी ठेवून येऊ नका. त्यांच्याशिवाय खेळ रंगायचा नाही.