गुरगुरण्याचा अर्थ



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ज्या प्रथेचा पाया घातला, त्या वसंत व्याख्यानमालेत कुत्र्यावर बोलायला उभे राहायचे म्हणजे धाडसच. परंतु ज्या घरात लहान मुले आहेत, त्या घरात हा प्रश्न आज ना उद्या येतोच. मुले हट्ट धरतात, आईबाप विरघळतात, आणि पुढे काय करावयाचे हे कोणालाच ठाऊक नसते. आम्हांलाही नव्हते.

आम्ही कळमन्याचे. बाजार समितीच्या आवाराजवळ आमचे घर. रात्रभर ट्रक, पहाटे हमालांच्या हाका, आणि या दिवसांत मिरचीचा ठसका. अशा घरात चार वर्षांचा एक टेरिअर आला. मूळ मालकांची बदली झाली, दुसऱ्या घराने महिन्याभरात परत केला, तिसरे घर आमचे. मोती हे नाव तो बरोबरच घेऊन आला. आमचा मुलगा तेव्हा सात वर्षांचा, मुलगी तीन. कुत्रा आकाराने लहान, तेव्हा मुलांना सोपा, असा आमचा हिशेब.

हिशेब चुकला. टेरिअर हे नाव लॅटिनमधल्या ‘टेरा’ म्हणजे जमीन या शब्दावरून आले. बिळात शिरून कोल्हे, उंदीर हुसकावण्यासाठी ही जात माणसाने पिढ्यान्‌पिढ्या तयार केली. उकरणे, भुंकणे, पळत्याच्या मागे लागणे, ही त्याची खोड नव्हे, त्याचा पेशा. मोतीने पहिल्याच संध्याकाळी तुळशीवृंदावनातली माती अंगणभर केली. धान्यबाजाराच्या शेजारी उंदरांना तोटा नाही. तो बिचारा कामावर रुजू झाला होता! मुले किंचाळत धावली की तोही मागे धावे.

आठव्या दिवशी मोती दूधभाकर खात असता मुलीने त्याच्या गळ्यात हात टाकले. तो ताठ झाला, डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहू लागला आणि गुरगुरला. चावला नाही. घरात हलकल्लोळ झाला. वडील म्हणाले, “उद्या परत करून ये.” आम्ही वर्तमानपत्राची गुंडाळी करून त्याला दोन फटके दिले. त्यानंतर तो गुरगुरेनासा झाला. आम्हांला वाटले, सुधारला!

ही हकीकत बाजारातल्या एका वृद्ध हमालांना आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितली. ते आवारातल्या कुत्र्यांना रोज भाकर घालतात. ते म्हणाले, “भाऊ, गुरगुरते तो कुत्रा बरा. न गुरगुरता चावते ना, त्याले भ्या.” एका पशुवैद्यांनीही पुढे हेच सांगितले. गुरगुरणे ही सूचना आहे. मारून सूचना बंद होते, भीती तशीच राहते. म्हणजे आम्ही घरातली धोक्याची घंटाच काढून ठेवली होती.

मग आम्ही कुत्र्याऐवजी घराला शिकवायला घेतले. बाजेखालचा कोपरा मोतीचा. तिथे कोणी हात घालायचा नाही. तो खाताना, झोपताना त्याला शिवायचे नाही. गळ्याला मिठी नाही. त्याने जवळ यावे, मग हात फिरवावा. तोंड फिरवणे, ओठ चाटणे, अवेळी जांभई देणे, हे त्याचे ‘पुरे आता’ म्हणणे आहे, हे सात वर्षांच्या पोराला आमच्याआधी समजले. उकरण्यासाठी अंगणात एक कोपरा दिला. आणि सर्वांत महत्त्वाचे, मोठे माणूस समोर असल्याखेरीज मुलगी व कुत्रा एकत्र ठेवायचे नाहीत; दोन मिनिटेही नाही. हा अविश्वास नव्हे. तीन वर्षांच्या मुलावर आपण विस्तवही सोपवत नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नये. १८८५ च्या जुलैत पॅरिसमध्ये पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची लस टोचविली. तेव्हापासून या रोगाला अडविता येते. एकदा लक्षणे दिसली की मात्र उपाय जवळजवळ नाहीच. म्हणून कुत्र्याला दरसाल लस द्यावी. कोणत्याही कुत्र्याने चावले वा ओरखडले, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद-मिरची भरू नये. पोटातल्या चौदा सुयांचे दिवस गेले; आता दंडात मोजके डोस पुरतात. मुलांना एवढेच सांगावे की, चावल्याचे लपवलेस तर रागावू, सांगितलेस तर नाही.

२०२२ च्या ऑक्टोबरात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटले होते की, भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्यांनी त्यांना रीतसर दत्तक घ्यावे. नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. कायद्याचे कायद्यापाशी. आमचा अनुभव इतकाच की, दत्तक हे आज्ञेने होत नाही आणि हौसेनेही होत नाही. ज्याला मुलांवर नजर ठेवायला वेळ नाही, त्याने हट्टाला नाही म्हणावे. त्यात पाप नाही. आणून परत करण्यात मात्र मुक्या जिवाची फरफट आहे.

मोती परत गेला नाही. काही महिन्यांनी तो पुन्हा गुरगुरला, चेंडू काढून घेणाऱ्या मुलावर. मुलाने हात मागे घेतला आणि ओरडून सांगितले, “आजोबा, मोती बोलला!” त्याला परत करायला निघालेले आमचे वडीलच त्या दिवशी सर्वांत अधिक आनंदले.