तीन मिनिटांतील घराणे

एखाद्या घराण्याच्या नावात गावाचे नाव असले, म्हणजे ती गायकी त्याच गावात वाढली असली पाहिजे, असे आपण सहज धरून चालतो. जयपूर घराण्याचा इतिहास याहून थोडा निराळा आहे. या घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ यांचा जन्म 1855 साली जयपूर संस्थानातील उणियारा या गावी झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव अत्रौली. परंतु ज्या गायकीला आपण आज जयपूर-अत्रौली म्हणून ओळखतो, ती फुलली ती कोल्हापुरात शाहू छत्रपतींच्या आश्रयाने, आणि 1922 मध्ये महाराज निवर्तल्यानंतर मुंबईत. तिला घरोघरी पोहोचविले ते मुख्यतः गोमंतकातून आलेल्या गायिकांनी. जयपूरने नाव दिले, कोल्हापूरने अन्न दिले आणि गोव्याने कंठ दिला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

अल्लादियाखाँ 1946 साली मुंबईत पैगंबरवासी झाले. त्यांच्या हयातीत ध्वनिमुद्रणाची कला आपल्या देशात चांगली रुळली होती. कारण 1902 पासूनच येथे तबकड्या भरल्या जात होत्या. असे असूनही खाँसाहेबांच्या आवाजाची एकही ध्वनिमुद्रिका आज आपल्यापाशी नाही. मग त्यांच्या गायकीची साक्ष कोणी द्यायची? ती त्यांच्या शिष्यांनी द्यायची. आणि त्या साक्षींत सुरश्री केसरबाई केरकर यांच्या आरंभीच्या तबकड्यांना फार मोठे स्थान आहे. पुढे या सुट्या तबकड्यांतील गाणी एकत्र करून लाँगप्ले ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने रसिकांपुढे ठेवण्यात आली. अशा संग्रहातून आपल्या हाती काय येते आणि काय निसटते, एवढाच विचार आज आपल्यापुढे मांडावयाचा आहे.

प्रथम त्या तबकडीचेच स्वरूप पाहू. जयपुरात मणिहारांच्या रस्त्यावर ज्या लाखेच्या बांगड्या घडतात, तसल्याच लाखेत दगडाची पूड आणि काजळी मिसळून त्या काळच्या तबकड्या बनत असत. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. हातून निसटली की ती बांगडीसारखीच फुटे, आणि सुईने घासून घासून झिजे ते वेगळेच. तेव्हा ज्यांनी हे गाणे वेळीच दीर्घमुद्रिकेवर उतरवून घेतले, त्यांचे आपल्यावर ऋण आहे, यात शंका नाही.

पण गाणे वाचले म्हणजे गायकी वाचली का? केसरबाईंचा जन्म 1892 साली गोव्यातील केरी या गावी झाला. अब्दुल करीमखाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा बखले अशा थोरांकडे थोडथोडी तालीम घेतल्यावर 1921 च्या सुमारास त्या अल्लादियाखाँसाहेबांच्या शिष्या झाल्या, आणि पुढे कित्येक वर्षे त्यांनी अखंड मेहनत केली. या गायकीचे मर्म विलंबित लयीत आहे. मोकळा आकार, लयीच्या अंगाने एकातून दुसरी निघणारी आणि समेवर अलगद येऊन विसावणारी स्वरवाक्ये, अनवट आणि जोड रागांची गुंफण, हे सारे फुलायला अवधी हवा. मैफलीत जो राग तासभर चालावयाचा, तो तीन मिनिटांत कसा मावणार? म्हणून काही जाणकार म्हणतात की, या तबकड्या म्हणजे केसरबाई नव्हेत.

हा आक्षेप खोटा नाही. पण तो पुरा खराही नाही. नटकामोद किंवा ललितागौरी यांची तबकडी लक्षपूर्वक ऐकावी. विस्ताराला जागा नाही, हे गायिकेला ठाऊक आहे. म्हणून ती रागाचे नेमके वळण पहिल्या आवर्तनातच दाखविते, लय थोडी पुढची धरते, आणि तान घेतली तरी तिचा दाणा विस्कटू देत नाही. विस्तार गेला, पण शिस्त राहिली. जी विद्या पक्की नसते, ती अशा अडचणीत उघडी पडते. जी पक्की असते, ती आटोपशीर होते.

खरा धोका दुसरीकडेच आहे. संग्रहात एकापुढे एक गाणी लागतात. सकाळच्या देसीपाठोपाठ रात्रीचा नटकामोद येतो, आणि गौडमल्हार ऐकताना बाहेर ग्रीष्म तापलेला असतो. शिवाय गाणे कोणत्या वर्षी भरले, सारंगी कोणी धरली, तबल्यावर कोण होते, हे अशा मुद्रिकांवर क्वचितच छापलेले आढळते. त्यामुळे कलावंताच्या घडणीचा क्रम पुसला जातो आणि साथीदार तर अनामच राहतात. संग्रह काढणाऱ्यांनी एवढे तपशील शोधून दिले, तर तो संग्रह इतिहासाचे साधन होईल.

या तीन मिनिटांची थोरवी एका घटनेने जगापुढे आली. 1977 साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात धाडली. त्यांच्यावर पृथ्वीचा परिचय करून देणारी सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे. तिच्यातील सत्तावीस संगीतखंडांत भारताचा खंड एकच: केसरबाईंची भैरवी, त्याच जुन्या तबकडीवरची, साडेतीन मिनिटांची. त्यांपैकी व्हॉयेजर-1 हे यान 5 सप्टेंबरला निघाले आणि 16 सप्टेंबरला केसरबाईंनी देह ठेवला. 2012 मध्ये त्या यानाने सूर्याच्या प्रभावक्षेत्राची सीमा ओलांडली. ज्या गुरूचा आवाज आपल्या गावातही उरला नाही, त्याची तालीम शिष्येच्या कंठातून ताऱ्यांच्या वाटेला लागली आहे.

तेव्हा, श्रोतेहो, असा संग्रह हाती आला, तर तो एका बैठकीत संपवू नये. एक गाणे ऐकावे, यंत्र थांबवावे, आणि तोच राग आज कोणी सविस्तर गात असेल, तर तेथे अवश्य जाऊन बसावे. तबकडी आपल्याला दारापर्यंत आणून सोडते. आतली मैफल मात्र गाणाऱ्याच्या समोर बसूनच ऐकावी लागते. आणि ती ऐकणारे उरले, तरच घराणे उरेल.