चौघांचा बँड, दोघांच्या सह्या



समतेवरच्या चर्चेत हा रॉक बँडबद्दल काय बोलणार, असं काहींना वाटत असेल. पाच मिनिटं सांभाळून घ्या.

'द स्मिथ्स' हा मँचेस्टरचा बँड. १९८२ साली अठरा वर्षांचा गिटारवादक जॉनी मार हा मॉरिसीच्या दारात जाऊन उभा राहिला आणि दोघांची जोडी जमली. मॉरिसी गीतं लिहायचा आणि गायचा, मार चाली बांधायचा. अँडी रोर्क बेस गिटार आणि माइक जॉइस ड्रम वाजवायचा. चौघांच्याही घरांची मुळं आयर्लंडमधली. म्हणजे आपल्या मुलांसारखीच ही स्थलांतरितांची पोरं.

१९८३ मध्ये 'रफ ट्रेड' या छोट्या स्वतंत्र कंपनीशी करार झाला. १९८४ ते १९८७ या काळात चार अल्बम निघाले. त्यातला 'मीट इज मर्डर' १९८५ मध्ये ब्रिटनच्या यादीत पहिला आला. शाळेतली मारहाण, राजघराणं, प्राण्यांची कत्तल अशा विषयांवर ही मुलं गात होती. मॉरिसी तर मुलाखतींमधून थॅचरबाईंवर तुटून पडायचा. थोडक्यात, आपल्याच विचारांची मंडळी!

पण रफ ट्रेडच्या करारावर सह्या दोघांच्याच होत्या, मॉरिसी आणि मार यांच्या. बँडला कायमचा मॅनेजर नव्हता, त्यामुळे व्यवहाराचं बरंच ओझं मारवर पडे. तो थकला, संगीतावरूनही खटके उडाले आणि १९८७ च्या उन्हाळ्यात तो बाहेर पडला. बँड तिथेच संपला.

हिशेब मात्र संपला नव्हता. गीत-संगीताचं मानधन मॉरिसी-मारचं, याबद्दल वाद नव्हता. वाद होता रेकॉर्डिंग आणि कार्यक्रमांच्या मिळकतीचा. त्यात त्या दोघांना प्रत्येकी ४० टक्के आणि रोर्क-जॉइसना प्रत्येकी १० टक्के मिळत. रोर्कला पैशांची निकड होती, त्याने १० टक्क्यांवर तडजोड केली. जॉइस कोर्टात गेला. १८९० चा ब्रिटिश भागीदारी कायदा सांगतो की वेगळं काही ठरलं नसेल, तर सगळे भागीदार समान. १९९६ मध्ये लंडनच्या हायकोर्टाने जॉइसला २५ टक्के दिले आणि १९९८ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. रोर्क २०२३ मध्ये वारला. चौघं पुन्हा एकत्र कधीच वाजले नाहीत.

हे मला का टोचतं ते सांगतो. माझ्या एका शोधनिबंधातली निम्मी मोजमापं आमच्या तंत्रज्ञ बाईंनी केली होती. लेखकांच्या यादीत मी त्यांचं नाव घातलं नाही; शेवटी आभार मानले. त्या काही बोलल्या नाहीत आणि ती त्यांची संमती आहे असं मी धरून चाललो. मॉरिसी आणि मार यांनीही तेच धरलं असावं.

विषमता दर वेळी कुणी ठरवून आणतं असं नाही. हिस्सा कुणाचा किती, हे विचारायचं आपण टाळतो आणि ज्याच्या हातात लेखणी त्याचा वाटा आपोआप वाढतो. तेव्हा आपल्या कामात बेस आणि ड्रम कोण वाजवतंय, एवढं आज घरी जाताना मोजून पाहू या.