ग्लायडिंगचा बिल्ला आणि आपली मुले

(लोणी देवकर येथे विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



बारामतीच्या विमानतळावरून उडणारी शिकाऊ विमाने आपण पाहतो. ती पाहून आपली मुले म्हणतात, हे आपले काम नव्हे. पैशाच्या हिशेबाने त्यांचे खोटे नाही. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला दोनशे तासांचे उड्डाण लागते आणि खर्च कित्येक लाखांत जातो. परंतु आकाशात जाण्याची एक वाट अशीही आहे की जिला इंजिनच लागत नाही. त्या ग्लायडिंगविषयी चार शब्द सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

ग्लायडरला लांब तार जोडतात. जमिनीवरचे विंच ती तार झपाट्याने गुंडाळते आणि ग्लायडर पतंगासारखा वर चढतो. वर गेल्यावर तार सुटते. त्यानंतर तो हळूहळू खालीच येणार. वर राहायचे तर तापलेल्या जमिनीवरून चढणारी हवा शोधावी लागते. वैशाखाच्या दुपारी घारी पंख न हलवता घिरट्या घालतात, भिगवणकडचे चित्रबलाकही तसेच वर जातात. त्यांची विद्या ती हीच. नांगरलेले कोरडे रान आधी तापते आणि भिजवलेला ऊस उशिरा, हे आपल्या पोरांना कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या देशात तयार झालेल्या ग्लायडरांची नावेही नक्षत्रांची आहेत. 'अश्विनी' १९५८ साली प्रथम उडाले, 'रोहिणी' १९६१ साली. मृगाची वाट पाहणाऱ्या माणसांना ही नावे परकी वाटू नयेत.

आता बिल्ल्याविषयी. येथे फार घोटाळा होतो. एन.सी.सी.ची 'ए', 'बी', 'सी' अशी प्रमाणपत्रे आहेत आणि ग्लायडिंगचेही ए, बी, सी बिल्ले आहेत. अक्षरे तीच, वस्तू निराळ्या. एन.सी.सी.चा हवाई विभाग १९५० साली सुरू झाला. त्याच्या 'सी' प्रमाणपत्रामुळे हवाई दलातील खास प्रवेशाचे दार उघडते, तेव्हा ज्यांच्या कॉलेजात तो आहे त्यांनी तो सोडू नये. पण ग्लायडिंगचा बिल्ला परेड करून मिळत नाही. निळ्या जमिनीवर पांढरे पक्षी, 'ए'ला एक, 'बी'ला दोन, 'सी'ला तीन. पुढच्या रौप्य बिल्ल्यासाठी पाच तास हवेत राहणे, एक हजार मीटर उंची मिळवणे आणि पन्नास किलोमीटर अंतर कापणे आवश्यक असते. पन्नास किलोमीटर म्हणजे हिशेबापुरते हडपसरहून पाटसच्या आसपास. हे नियम जगभर एकच आहेत, आणि त्यांत कॅडेट असण्याची अट कोठेही नाही! ज्या शाळेत हवाई विभाग नाही तेथील मुलगाही नागरी क्लबातून हा बिल्ला मिळवू शकतो. इंग्लंडमध्ये एप्रिल २०१४ मध्ये हवाई कॅडेटांचे ग्लायडिंग सुरक्षिततेच्या कारणाने थांबवले गेले; नागरी क्लब तेव्हाही उडत होते.

आपल्याला जवळचे ठिकाण म्हणजे हडपसरचे ग्लायडिंग केंद्र. आपल्या याच सोलापूर रस्त्यावर, पण शंभराहून अधिक किलोमीटर दूर. तेथील उड्डाणांत अधूनमधून खंड पडत आलेला आहे, म्हणून एस.टी.त बसण्यापूर्वी चौकशी करावी. शिकाऊ परवान्यासाठी वयाची सोळा वर्षे पूर्ण हवीत, वैद्यकीय तपासणी हवी. प्रत्येक उड्डाण नोंदवहीत लिहून घ्यावे. नोंद नाही तर उड्डाण झालेच नाही असे समजतात.

धोका मुळीच नाही असे आम्ही पालकांना सांगणार नाही. मात्र सुरुवातीला शिक्षक सोबत बसतो, आणि त्याची खात्री पटल्याखेरीज कोणालाही एकट्याने सोडत नाहीत. मुलींच्या बाबतीत 'लोक काय म्हणतील' हा प्रश्न विचारला जातो. लोक दोन दिवस बोलतात. या बिल्ल्याने नोकरी मिळते असेही नाही. परंतु एकट्याने विमान उतरवलेली मुलगी मुलाखतीच्या खोलीत कशी बसेल, याचा विचार करावा.

खरी अडचण उड्डाणाच्या फीपेक्षा एस.टी.चे भाडे, पुण्यातला मुक्काम आणि तपासणीचा खर्च यांची आहे. आमची सूचना अशी की, संस्थेने शिक्षण निधीतून दरवर्षी दोन विद्यार्थ्यांचा हा खर्च उचलावा, त्यांत एक मुलगी असावी. इच्छुकांनी कार्यवाहांकडे नावे द्यावीत, आणि शाळेच्या दाखल्यावरील व आधार कार्डावरील जन्मतारीख एकच आहे ना, हे आजच घरी जाऊन पाहावे.