ही माहिती कधीची?



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझा विषय छापलाय, 'एचआयव्ही-एड्स : विश्वासार्ह माहिती कशी ओळखावी'. एवढा मोठा जमाव या विषयाला येईल असं आयोजकांना वाटलं नव्हतं. उद्या नाट्यसंगीत आहे, त्यामुळे आज जागा धरायला आला असाल तरी माझी हरकत नाही.

तुमच्यातल्या बहुतेकांच्या मोबाइलवर एक मजकूर कधी ना कधी आलेला असेल. आंब्याचं एक बाटलीबंद पेय आहे, कारखान्यातल्या कामगारानं त्यात आपलं एचआयव्हीनं दूषित रक्त मिसळलंय, दिल्ली पोलिसांची सूचना आहे, सगळ्यांना पाठवा. गेली कित्येक वर्षं हा मजकूर फिरतोय आणि त्यात 'पुढचे काही आठवडे' पिऊ नका असं लिहिलेलं असतं. ते आठवडे काही संपत नाहीत! हा विषाणू शरीराबाहेर फार काळ तग धरत नाही आणि बाटलीबंद पेयातून कुणाला लागण झाल्याची नोंद जगात कुठंही नाही. पण मला यातलं विज्ञान नव्हे, त्यातली एक उणीव दाखवायची आहे. त्या मजकुरावर तारीख नाही.

माझी सगळी नोकरी प्रयोगशाळेत झाली. तिथं एचआयव्ही तपासणीचं जे साधं किट असतं ते अनेकांनी पाहिलेलं नसतं, म्हणून सांगतो. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घ्यायचा, पट्टीवर टाकायचा, वर द्रावण टाकायचं आणि घड्याळ लावून थांबायचं. पट्टीवर दोन जागा असतात. एक तपासणीची आणि एक कंट्रोलची. कंट्रोलची रेघ प्रत्येक वेळी उमटलीच पाहिजे, रक्त कुणाचंही असो. ती उमटली नाही तर किट बाद, मग दुसऱ्या जागी काहीही दिसो. म्हणजे ही पट्टी तुमच्याबद्दल बोलण्याआधी स्वतःबद्दल बोलते, की मी आज धड चालतेय का नाही. आणि एवढं झाल्यावरही एका किटवर कुणालाही 'पॉझिटिव्ह' म्हणायचं नाही. वेगवेगळ्या पद्धतीच्या तीन तपासण्या, तिन्ही जुळल्या तरच अहवालावर सही. मोबाइलवरच्या मजकुराला अशी कंट्रोलची रेघ असते का, एवढंच मी बघतो.

आता आकड्यांकडे येतो, कारण आकडा दिसला की आपण मान तुकवतो. भारतात एचआयव्हीबाधित ५२ लाख आहेत असं २००६ साली अधिकृतपणे सांगितलं जात होतं. जुलै २००७ मध्ये सरकारनंच तो आकडा २५ लाखांवर आणला. एका रात्रीत निम्मा! लोक म्हणाले, बघा, सरकार लपवतंय. दुसरे म्हणाले, बघा, निधीसाठी आधी फुगवलं होतं. खरं कारण मोजणीत होतं. आधीचा अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यात येणाऱ्या गरोदर बाया आणि गुप्तरोगाच्या बाह्यरुग्ण विभागातले रुग्ण यांच्यावरून काढलेला. सरकारी दवाखान्यात कोण येतं? जास्त करून गरीब, किंवा दुसऱ्या डॉक्टरनं धाडलेले. तिथलं प्रमाण अख्ख्या जिल्ह्याला लावलं की आकडा फुगणारच. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये, घरोघरी जाऊन एक लाखाहून अधिक लोकांचं रक्त तपासलं गेलं. शिवाय निरीक्षणाची केंद्रंही वाढवली होती. चित्र बदललं.

मला विचाराल तर आकडा बदलला त्या दिवशी आरोग्य खात्यावरचा माझा विश्वास वाढला. आधी काय म्हणालो, आता काय म्हणतो आणि का, हे तिन्ही सांगितलं त्यांनी. गंमत अशी, की आजचा अधिकृत अंदाजही पंचवीस लाखांच्या आसपासच आहे आणि राज्यांमध्ये सर्वाधिक बाधित महाराष्ट्रात आहेत. 'वीस वर्षांत काहीच फरक पडला नाही' असं म्हणणारे महाभाग मला भेटतात. अहो, औषधं मिळाली म्हणून लोक जगले! नव्या लागणी कमी झाल्या आणि मृत्यूही कमी झाले, म्हणून बेरीज तिथंच राहिली. १ एप्रिल २००४ ला देशातल्या मोजक्या रुग्णालयांत, त्यात मुंबईचं जे. जे. होतं, एआरटीच्या, म्हणजे विषाणूला रोखणाऱ्या औषधांच्या, मोफत गोळ्या सुरू झाल्या. २००७ चा आकडा आणि आजचा आकडा दिसायला सारखा असला तरी त्यात माणसं वेगळी आहेत.

'एड्स म्हणजे मरण' ही नव्वदीतली पाटी तेव्हा बऱ्याच अंशी खरी होती. तिचा रंग उडाला, पण ती आपल्या डोक्यातून गेली नाही. दरम्यान आपल्या पुण्यात, भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, मोठं काम झालं. नऊ देशांत १७६३ जोडप्यांवर एक अभ्यास चालला होता, एचपीटीएन ०५२ नावाचा. जोडप्यातल्या एकाला लागण, दुसऱ्याला नाही. भारतातली केंद्रं होती पुणे आणि चेन्नई. उपचार लवकर सुरू केले तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, असं २०११ मध्ये दिसलं. इतकं ठळक, की निकाल ठरल्या वेळेआधीच जाहीर करावा लागला. पुढच्या अभ्यासांनी गोष्ट पक्की केली : गोळ्या नियमित घेऊन रक्तातला विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधांतून तो दुसऱ्याला जात नाही. हे जगाला सांगण्यात भोसरीचा वाटा आहे आणि भोसरीपासून तासाभरावरच्या गावात आजही बाधित सुनेचं ताट वेगळं ठेवतात. ताटावाटीतून हा विषाणू पसरत नाही हे तर १९८५ च्या सुमारासच ठाऊक झालं होतं.

मग विश्वास ठेवायला सरकारी शिक्का बघायचा का? तेवढ्यानंही भागत नाही. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, जो नेमानं रक्तदान करायचा, रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून पोलिसांनी उचललं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरुग्णालयात ६४ दिवस डांबून ठेवलं. गोव्याच्या आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. शिक्का होता, सही होती, तारीखही होती. नव्हती ती फक्त विज्ञानाची साथ. बाहेर आल्यावर त्यानं बाधितांसाठी संस्था उभी केली आणि १९९२ मध्ये तो गेला. दक्षिण आफ्रिकेत तर खुद्द राष्ट्राध्यक्ष थाबो म्बेकी, चांगले शिकलेले, वाचणारे गृहस्थ, एचआयव्हीमुळे एड्स होतो यावरच शंका घेत बसले. त्यांच्या आरोग्यमंत्री लसूण, लिंबू आणि बीट खायला सांगत. २००० साली पाच हजारांहून अधिक शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर दिलं. तरी औषधं अडलीच. त्या उशिरामुळे तीन लाखांहून अधिक जीव गेले, असा हार्वर्डच्या संशोधकांचा अंदाज आहे. म्बेकींनी वाचलं भरपूर, पण जे खोडून काढलं गेलं होतं तेही त्यांनी त्याच ढिगात ठेवलं.

आपल्याकडे एसटी स्टँडच्या भिंतीवर 'एड्सवर खात्रीशीर इलाज' दिसतो. औषध नियमांच्या 'जे' अनुसूचीत, ज्या आजारांवर बरं करण्याचा दावा करायचा नाही त्या यादीत, एड्सचं नाव आहे. तेव्हा ती जाहिरात वाचून तिचा खरेखोटेपणा तपासत बसू नका. दावा केला इथंच विषय संपला.

आता विचारायचं कुणाला? सरकारी रुग्णालयात आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणीचं केंद्र, असतं. बहुधा व्हरांड्याच्या टोकाची खोली, आत एक समुपदेशक आणि एक तंत्रज्ञ. तपासणी फुकट, आधी बोलणं, मग रक्त, मग पुन्हा बोलणं. तिथली ताई तुम्हाला पहिल्यांदा विचारेल, 'धोका कधी झाला?' चौकशी म्हणून नाही. लागण झाल्यावर काही काळ रक्तात खूण सापडत नाही. किटनुसार तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत. काल धोका झाला आणि आज तपासून निर्धास्त झाला, तर त्या अहवालाला अर्थ नाही. अहवाल तुमच्याच हातात मिळतो. १० सप्टेंबर २०१८ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार तुमच्या संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि तो निकाल मालकाला, शाळेला किंवा शेजाऱ्याला सांगता येत नाही. खाजगी ठिकाणी शस्त्रक्रियेच्या यादीत गुपचूप ही तपासणी घालतात, तेव्हा कागदावर सही करण्याआधी वाचा.

फोनच करायचा असेल तर १०९७, शुल्क नाही, नाव सांगावं लागत नाही.

एका बाबतीत मात्र शोधत, वाचत, दोघातिघांना विचारत बसू नका. रुग्णालयातल्या नर्सला वापरलेली सुई टोचली, कुणावर बलात्कार झाला, निरोध फाटला, तर लागण रोखणाऱ्या गोळ्या असतात, त्यांना पीईपी म्हणतात. त्या ७२ तासांच्या आत सुरू कराव्या लागतात, जितक्या लवकर तितक्या चांगल्या, आणि २८ दिवस चुकवायच्या नाहीत. रात्री आयसीटीसीच्या खोलीला कुलूप असतं, पण सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग उघडा असतो. तिथं जाऊन 'पीईपी हवंय' एवढंच म्हणा आणि घटना किती वाजता घडली ते सांगा.