नाही म्हणायची मुभा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



निवृत्तीनंतर मी काय करतो, असं सकाळपासून अनेकांनी विचारलं. मी एका विद्यापीठाच्या नैतिकता समितीवर सामान्य नागरिक म्हणून बसतो. माणसांवर वैद्यकीय संशोधन करायचं तर आधी अशा समितीची मान्यता लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार समितीत ७ ते १५ सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो आणि वैद्यकातला नसलेला एक साधा माणूसही लागतो. काही न कळण्याबद्दल मला आयुष्यात प्रथमच मानाची खुर्ची मिळाली!

सुरुवातीचीच गोष्ट. खेड्यातल्या शाळकरी मुलांचं हिमोग्लोबिन तपासण्याचा प्रस्ताव आला होता. हेतू चांगला, धोका नगण्य. संमतीच्या जागी मुख्याध्यापकांची सही. सगळ्यांबरोबर मीही मान डोलावली.

घरी जाताना आपल्या शाळेचा व्हरांडा आठवला. लस टोचायच्या दिवशी बाह्या वर करून आपण रांगेत उभे असायचो. रडणाऱ्याच्या पाठीवरून बाई हात फिरवायच्या. पण 'तुला चालेल का?' असं कुणी विचारत नसे. ती लस निदान आपल्या भल्यासाठी होती. इथे तर मुलांचं रक्त अभ्यासासाठी हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सचिवांना फोन करून मी माझा होकार मागे घेतला. तत्त्वं पुन्हा उघडली. शाळेची परवानगी ही आईवडिलांच्या संमतीला पर्याय नाही. सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यायचा. बारा वर्षांपुढे तो लेखी. प्रस्ताव दुरुस्तीसाठी परत गेला. काम लांबलं, संशोधक माझ्यावर नाराज झाले. त्यांची घाई मला समजत होती. पण सही माझीही होती.

पुढे त्यांचा अहवाल समितीपुढे आला. काही मुलांनी नकार दिल्याची नोंद त्यात होती. ती वाचून मला बरं वाटलं. ज्याला नाही म्हणता येतं, त्याच्याच 'हो'ला अर्थ असतो.

मित्रहो, उद्या तुम्हाला अशा समितीवर बोलावलं, तर 'मला त्यातलं काय कळतं?' म्हणून टाळू नका. रांगेत उभं राहिलेलं मूल आपल्या प्रत्येकाला आठवतं. तेवढं पुरेसं आहे.