शहाण्णव छेदांची संख्या



अनुयोगद्वार सूत्रात गर्भज मनुष्यांची जघन्य संख्या सांगितली आहे. दोनचा वर्ग चार, चारचा सोळा, या क्रमाने येणाऱ्या पाचव्या व सहाव्या वर्गांचा तो गुणाकार होय: ७९२२८१६२५१४२६४३३७५९३५४३९५०३३६. ही २९ अंकी संख्या पूर्ण वर्ग आहे, पूर्ण घनही आहे. ९६ वेळा निमपट केली की एक उरतो. एवढी विशाल असूनही ती ‘संख्यात’च, ‘असंख्यात’ तिच्याही पलीकडे.

अशा निमपटींच्या गणनेला वीरसेनाचार्यांनी इ. स. ८१६ च्या सुमारास ‘धवले’त ‘अर्धच्छेद’ म्हटले. सूत्र श्वेतांबर परंपरेचे, टीका दिगंबर परंपरेची. गणित मात्र एकच.

ग्रंथांची पूजा आपण भक्तिभावाने करतो. सुवर्णमहोत्सवी वर्षात पाठशाळेतील मुलांकडून हे ९६ छेद पाटीवर करवून घेऊ या. तीही श्रुतपूजाच ठरेल.